गोधडी : इतिहासाचें एक उपेक्षित साधन

इतिहास कागदपत्रांवरून लिहावयाचा असतो, ही गोष्ट महाराष्ट्रांत आतां नव्यानें सांगावयास नको. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेस आरंभ केला, तेव्हांपासून बखरींतील कथा आणि दप्तरांतील पुरावा यांतील भेद सुशिक्षित वाचकांच्या चांगलाच परिचयाचा झाला आहे. परंतु या पद्धतीची मर्यादाहि तितकीच स्पष्ट आहे. कागद हा लिहिणाऱ्याचा असतो. ज्यांच्या हातीं लेखणी कधीं आलीच नाहीं, त्यांच्याविषयीं कागद बोललाच तर दुसऱ्याच्या तोंडानें बोलतो; आणि बहुतेक वेळां तो बोलतच नाहीं. शेंकडों वर्षें आमच्या देशांतील, आणि आमच्याच कां, बहुतेक सर्व देशांतील बहुसंख्य स्त्रिया या वर्गांत मोडत होत्या. त्यांच्या हातीं लेखणी नव्हती. पण सुई होती. त्या सुईनें त्यांनीं जें मागें ठेविलें त्याकडे इतिहासाचें साधन म्हणून पाहतां येईल काय, आणि पाहावयाचें तर कोणत्या दृष्टीनें पाहावें, याचा थोडासा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सुईच्या कामांपैकीं आम्ही येथें एकच घेतों, तें म्हणजे गोधडी. भरतकाम, कशिदा, जर यांची कीर्ति दरबारांतून झाली व त्यांच्यावर ग्रंथहि झाले. गोधडी मात्र घराच्या वळईवर राहिली. ज्या भगिनींना सुईदोऱ्याची मनापासून आवड आहे, त्यांना पुढें उल्लेखिलेल्या गोधड्यांचीं छायाचित्रें मिळवून तीं निवांतपणें पाहावीं अशी आमची आग्रहाची शिफारस आहे. निरनिराळ्या देशांतील संग्रहालयांनीं तीं प्रसिद्ध केलीं आहेत. रंगांच्या मांडणीसाठीं तर तीं पाहण्यासारखीं आहेतच. परंतु त्या रंगांमागें काय दडलें आहे तें कळलें, तर पाहण्याचा आनंद दुणावेल असा आम्हांस भरंवसा वाटतो.

प्रथम आपल्याच घरांतली गोधडी पाहूं. कोणी तिला गोधडी म्हणतात, दक्षिण महाराष्ट्रांत वाकळ म्हणतात, तान्ह्या मुलाची असली तर तेंच दुपटें. कृति सर्वत्र जवळजवळ एकच. वापरून मऊ झालेलें जुनेर, म्हणजे लुगडीं, धोतरें, सदरे, उसवून व धुऊन घ्यावयाचें. त्याचे थर एकावर एक पसरावयाचे. वर व खालीं त्यांतल्या त्यांत धड लुगडें लावावयाचें. विरलेल्या जागीं ठिगळें बसवावयाचीं. आणि मग धांवदोऱ्याच्या ओळींमागून ओळी घालीत सर्व थर एकजीव करावयाचे. गोधडी जीर्ण झाली तरी ती टाकीत नाहींत. तिच्यावर नवें पांघरूण चढवून तीच नव्या गोधडीच्या पोटांत घालतात. त्यामुळें एखाद्या जुन्या घरांतील जाड वाकळ उसवून पाहिली, तर भूगर्भशास्त्रज्ञास खडकांत दिसतात तसे काळाचे थर तींत दिसूं लागतात. अगदीं आंत हातमागाचें जाडेंभरडें कापड, त्यावर चौकड्यांचें इरकली लुगडें, त्यावर मुंबईच्या गिरणींतील छापील पातळ, आणि सर्वांत वर कृत्रिम धाग्याची झुळझुळीत साडी. मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ सालीं झाली, आणि १९८२ च्या जानेवारींत सुरू झालेल्या संपानंतर तेथील गिरणधंदा मोडकळीस आला. या सव्वाशें वर्षांच्या इतिहासावर अहवालांचे ढीग पडले आहेत. पण त्या गिरणींतलें कापड गांवोगांवच्या घरांत कोणत्या काळीं शिरलें, कोणी नेसलें आणि किती वर्षें वापरलें, हें सांगणारा पुरावा अहवालांत नाहीं. तो वाकळीच्या पोटांत आहे.

येथें एक शंका निघण्यासारखी आहे. कापडावर तारीख नसते. मग काळ ठरवावयाचा कसा? यास उत्तर असें कीं, नाण्यांच्या ढिगाबाबत जो नियम इतिहाससंशोधक लावतात तोच येथें लावावा. ढीग पुरला गेला तो त्यांतील सर्वांत अलीकडच्या नाण्याच्या आधीं पुरला जाणें शक्य नाहीं. तशीच गोधडी तिच्यांतील सर्वांत नव्या तुकड्याच्या आधीं शिवलेली असूं शकत नाहीं. आणि तुकड्याचें वय पुष्कळदां रंगच सांगतो. पर्किन या तरुण इंग्रज रसायनज्ञानें डांबरापासून जांभळा रंग १८५६ सालीं शोधून काढला. मंजिष्ठेचें तांबडें रंगद्रव्य प्रयोगशाळेंत बनविण्याची युक्ति १८६८ सालीं जर्मनींत साधली, आणि कारखान्यांत तयार झालेली नीळ १८९७ सालीं बाजारांत आली. तेव्हां एखाद्या तुकड्यांत यांपैकीं कोणताहि रंग रासायनिक परीक्षेनें सिद्ध झाला, तर त्या तुकड्याची अलीकडची नव्हे तरी पलीकडची मर्यादा निश्चित झाली. याच रंगांनीं आमच्या नीळ पिकविणाऱ्या शेतकऱ्याचें आणि रंगाऱ्याचें भवितव्य पालटलें. ज्या तुकड्याकडे आपण केवळ 'रंग किती खुलला आहे' म्हणून पाहतों, त्यांत एका धंद्याच्या ऱ्हासाची नोंद असूं शकते.

आतां या कलेच्या प्राचीनतेकडे वळूं. संस्कृतांत गोधडीला कंथा म्हणतात. वाट, कंथा आणि पर्वतलंघन या गोष्टी हळूहळूच साधतात, अशा अर्थाचें सुभाषित आपण शाळेंत पाठ करतों. पण त्यांत कंथेला पर्वताच्या पंक्तीस बसविलें आहे, याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. ज्यानें तें रचलें त्यानें घरांत कोणाला तरी महिनोन् महिने टांके घालतांना पाहिलें असलें पाहिजे. भर्तृहरीच्या वैराग्यशतकांतहि कंथा आहे, परंतु ती विरक्ताची खूण म्हणून. बौद्ध वाङ्मयांत याहून सुंदर आख्यायिका आहे. विनयपिटकांतील महावग्गांत असें सांगितलें आहे कीं, मगधांतील शेतांच्या पट्ट्या आणि त्यांमधील बांध पाहून भगवान् बुद्धांनीं आनंदास तशाच आकृतीचें चीवर बनविण्यास सांगितलें. कापडाचे तुकडे करून ते पुन्हां शेताच्या खाचरांप्रमाणें जोडावयाचे, म्हणजे वस्त्राला बाजारांत किंमत राहत नाहीं आणि चोरालाहि त्याचा मोह पडत नाहीं. ही तुकडेजोडीची कल्पना भिक्षूंबरोबर मध्य आशियांत गेली. ऑरेल स्टाइन यांना १९०७ सालीं चीनच्या सीमेवरील तुन-हुआंग येथें सहस्रबुद्धांच्या लेण्यांत जें भांडार सांपडलें, त्यांत आठव्या-नवव्या शतकांतील रेशमी तुकड्यांची अशी जोडकामेंहि होतीं. तीं आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. आमच्याकडे ही परंपरा अगदीं अलीकडेपर्यंत जिवंत होती. गाडगे महाराज (१८७६–१९५६) अंगावर चिंध्यांचें वस्त्र वागवीत, म्हणून कोठें त्यांना गोधडेबुवा म्हणत, तर कोठें चिंधेबुवा.

मात्र एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कंथा पांघरणाऱ्या विरक्तांचीं नांवें आपल्याला ठाऊक आहेत. ती शिवणाऱ्या हातांचीं नाहींत. साधन म्हणून गोधडीचा हाच मोठा दोष आहे कीं, ती पुष्कळ सांगते, पण कर्तीचें नांव सांगत नाहीं. म्हणून ज्या थोड्या गोधड्यांवर किंवा गोधड्यांबरोबर नांव टिकून राहिलें, त्यांकडे विशेष लक्ष देणें इष्ट आहे.

असें एक उदाहरण बंगालांत आहे. तेथें कंथा ही केवळ पांघरूण राहिली नाहीं. जुन्या साडीच्या कांठांतून रंगीत धागे ओढून काढून, पांढऱ्या जुनेरावर कमळें, रथ, हत्ती, पालख्या अशी चित्रसृष्टि बायका उभी करीत. या कामाकडे सुशिक्षितांचें लक्ष वेधलें तें मुख्यतः गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांच्यामुळें. हे गृहस्थ सनदी नोकरींत होते. जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरतीवर असतांना त्यांनीं खेड्यापाड्यांतील कंथा, पट, बाहुल्या जमविल्या. पुढें कलासमीक्षक स्टेला क्राम्रिश यांनीं १९३९ सालीं कंथेवर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि त्यांचा स्वतःचा संग्रह आज अमेरिकेंत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयांत आहे. दत्तांच्या संग्रहांत खुलना भागांतील मानदासुंदरी दासी या स्त्रीनें वडिलांसाठीं शिवलेली एक कंथा आहे. तिच्यावर इंग्रजी अमदानींतील शिपाई आहेत, साहेब आहेत, आणि दोऱ्यानेंच लिहिलेलें कर्तीचें नांवहि आहे. त्या एका नांवानें केवढा फरक पडला! एरवीं तें 'बंगालचें लोककलेचें एक नमुनेदार वस्त्र' ठरलें असतें. आतां ती एका मुलीनें बापाला दिलेली भेट आहे. परक्या राजवटीचे शिपाई घराच्या उंबरठ्यावरून जातांना एका स्त्रीला कसे दिसले, याची ती साक्ष आहे. अशी साक्ष सरकारी दप्तरांत शोधून मिळावयाची नाहीं.

बंगालांतून इंग्लंडांत जाणें हें या विषयांत तुटक वाटूं नये. कारण मधला दुवा आपलेंच कापड आहे. कोरोमंडल किनाऱ्यावरील, विशेषतः मछलीपट्टणच्या बाजूच्या, छिटांनीं सतराव्या शतकांत युरोपला वेड लाविलें. इंग्रजींत छिटाला जो शब्द आहे तो आपल्या 'छींट' याच शब्दाचें रूपांतर होय. तेथील विणकर इतके हवालदिल झाले कीं, फ्रान्सनें १६८६ सालीं आणि इंग्लंडनें १७०० व १७२१ सालीं कायदे करून या कापडाच्या आयातीवर व वापरावर बंधनें घातलीं. कायद्यानें दुर्मिळ केलेली वस्तु गृहिणी फेंकून देत नाहीं. उत्तर इंग्लंडांतील लेव्हन्स हॉल या वाड्यांत १७०८ च्या सुमाराची म्हणून परंपरेनें सांगितलेली, हिंदुस्थानी छिटांच्या तुकड्यांची एक गोधडी आहे. तिकडील जुन्या तुकडेजोडीच्या नमुन्यांत ती अग्रगण्य समजतात. आमच्या रंगाऱ्याचें कसब तिकडे तुकड्यांच्या रूपानें सांभाळलें गेलें. येथें तर त्याचें नांवहि उरलें नाहीं.

कापडाचा तुकडा हा कागदाइतकाच पक्का पुरावा होऊं शकतो, याचें सर्वांत हृदयद्रावक उदाहरण लंडनमध्येंच आहे. टाकून दिल्या जाणाऱ्या अर्भकांसाठीं तेथें १७३९ सालीं एक अनाथगृह स्थापन झालें. मूल दाखल करतांना आईचें नांव विचारीत नसत. परंतु पुढेंमागें ती परत आली तर ओळख पटावी म्हणून मुलाच्या किंवा आईच्या कपड्याचा एक तुकडा कापून नोंदीच्या कागदाला टांचून ठेवीत. असे सुमारें ५,००० तुकडे आज शिल्लक आहेत, आणि अठराव्या शतकांतील गरीब इंग्रज बाई काय नेसत होती हें त्यांवरूनच कळतें. १७४१ ते १७६० या काळांत १६,००० हून अधिक मुलें तेथें घेतलीं गेलीं. आईबापांनीं परत नेलेल्यांची संख्या दीडशेंच्या आसपास आहे. १७६७ सालच्या नोंदींत एक तुकडा निराळा आहे. सात निरनिराळ्या कापडांच्या पट्ट्या जोडून त्यावर एक हृदय शिवलेलें, आणि तें मधोमध कापलेलें. अर्धें कागदाशीं राहिलें, अर्धें आई घेऊन गेली. सेरा बेंडर हें तिचें नांव आपल्याला कळतें याचें कारण एकच: आठ वर्षांनीं, १७७५ सालीं, ती परत आली आणि आपल्या मुलाला घेऊन गेली. बाकीच्या आयांचीं नांवें कळण्याचा मार्ग नाहीं; त्यांचे तुकडे मात्र अद्याप टांचलेले आहेत. छिटाचा रंग कोठें कोठें काल छापल्यासारखा ताजा आहे.

याच्या उलट, संपूर्ण गोधडी राहिली आणि शिवणाऱ्यांचीं नांवें गेलीं, अशीहि एक आहे. १८४१ सालीं 'राजा' नांवाचें जहाज इंग्लंडांतून १८० स्त्री-कैद्यांना घेऊन आजच्या टास्मानिया बेटाकडे निघालें. तुरुंगसुधारणेसाठीं प्रसिद्ध असलेल्या एलिझाबेथ फ्राय यांच्या संस्थेनें या बायकांना सुया, दोरे आणि कापडाचे तुकडे दिले होते. तीन महिन्यांच्या समुद्रप्रवासांत त्यांनीं २,८१५ तुकड्यांचें एक भव्य पांघरूण शिवलें. मध्यभागीं छिटांतून कापून लावलेले पक्षी आणि फुलें, भोंवतीं चौकटींमागून चौकटी. तें पुढें स्कॉटलंडांत एका माळ्यावर सांपडलें आणि आतां ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयांत आहे. त्यावर बारीक अक्षरांत मजकूरहि शिवला आहे. परंतु तो आहे साहित्य देणाऱ्या बायांच्या मंडळाचे आभार मानणारा. ज्यांनीं टांके घातले त्यांचें एकहि नांव त्या वस्त्रावर नाहीं. जहाजाच्या यादींत त्या आहेत, पण गुन्हेगार म्हणून. गोधडीवर त्या नाहींत. भगिनींनीं या पांघरुणाची चौकटींची रचना अवश्य पाहावी, आणि पाहतांना हेंहि आठवावें.

अमेरिकेंत ही कला घरोघर वाढली. तेथील एका बाईची हकीकत आम्ही जरा विस्तारानें देतों. हॅरिएट पॉवर्स ही १८३७ सालीं जॉर्जिया संस्थानांत गुलामगिरींत जन्मली आणि यादवी युद्धानंतर मुक्त झाली. तिनें शिवलेल्या दोनच गोधड्या आज उपलब्ध आहेत. पहिलींत बायबलांतील कथांचे ११ चौकोन आहेत. गडद रंगाच्या कापडांतून माणसें, पशु, सूर्य, तारे कापून ते तिनें टांकले आहेत. ही गोधडी १८८६ सालीं अथेन्स नांवाच्या गांवच्या कापसाच्या प्रदर्शनांत मांडली होती. तेथें जेनी स्मिथ या चित्रकला-शिक्षिकेनें ती पाहिली व विकत मागितली. हॅरिएटनें साफ नकार दिला. कांहीं वर्षांनीं घरीं ओढगस्त आली, तेव्हां ती स्वतःच गोधडी घेऊन आली व १० डॉलर मागितले, मिळाले ५. तरीहि पुढें कित्येकदां ती आपली गोधडी नुसती पाहून जाण्यासाठीं त्या बाईंच्या घरीं येत असे.

जेनी स्मिथनें केलेलें महत्त्वाचें काम म्हणजे, प्रत्येक चौकोनाचा अर्थ हॅरिएटच्या तोंडून ऐकून तिनें लिहून ठेवला. ही गोधडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेंत आहे. दुसरी, १५ चौकोनांची, बोस्टनच्या संग्रहालयांत आहे, आणि तिचेहि अर्थ टिपलेले आहेत. इतिहासाच्या दृष्टीनें ही दुसरी तर फारच मोलाची. तीत १७८० च्या मे महिन्याच्या १९ तारखेस ईशान्य अमेरिकेंत भरदुपारीं पडलेला अंधार आहे, आणि १८३३ च्या नोव्हेंबरांतील १३ तारखेची विलक्षण उल्कावृष्टि आहे. या दोन्ही घटना तिच्या जन्मापूर्वींच्या! पहिली तर ५७ वर्षें आधींची. म्हणजे गुलामांच्या वस्तींत, अक्षराच्या आधारावांचून, आकाशांतील उत्पातांची स्मृति पिढ्यान् पिढ्या चालत आली आणि सुईच्या टोंकाशीं येऊन स्थिरावली. ज्योतिषशास्त्राच्या नोंदी त्या तारखा पडताळून देतात. ज्याला आपण बखर म्हणतों तिच्यापेक्षां हें साधन कोणत्या बाबतींत कमी आहे?

परंतु साधन मोलाचें म्हणून त्याच्याकडून वाटेल तें वदवावें असें नाहीं. १९९९ सालीं अमेरिकेंत एका ग्रंथानें असें प्रतिपादिलें कीं, पळून जाणाऱ्या गुलामांना वाट दाखविण्यासाठीं गोधड्यांवर गुप्त खुणा शिवीत व त्या कुंपणावर वाळत घालीत. कथा इतकी गोड होती कीं ती शाळांतून शिकविली जाऊं लागली. पण ती एका कुटुंबांतील तोंडी माहितीवर उभी होती. तत्कालीन पुरावा मिळाला नाहीं, आणि पूर्वीं गुलाम असलेल्या माणसांच्या १९३० नंतरच्या दशकांत ज्या हजारों जबान्या टिपल्या गेल्या त्यांतहि तिला आधार सांपडला नाहीं. बहुतेक इतिहासकारांनीं ती अमान्य केली आहे. हॅरिएट पॉवर्सच्या बाबतींत वस्त्र आहे, कर्तीचें नांव आहे, तिच्या तोंडचा अर्थ तिच्या हयातींत टिपलेला आहे. या कथेच्या बाबतींत यांपैकीं कांहींच नाहीं. आमच्याकडे वीरांच्या तलवारींविषयीं आणि संतांच्या पादुकांविषयीं ज्या कथा चालतात, त्यांना हाच निकष लावावा.

अमेरिकेंतील आणखी दोन गोधड्यांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाहीं. अलाबामा संस्थानांत नदीच्या वळणांत वसलेलें गीज बेंड हें पूर्वींच्या गुलामांच्या वंशजांचें गांव आहे. तेथील मिसूरी पेटवे या बाईनें नवऱ्याच्या मृत्यूनंतर १९४२ सालीं त्याच्याच कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. शेतांत घासून विटलेले निळे-करडे तुकडे, गुडघ्याच्या जागचे डाग तसेच ठेवलेले. त्याच्या आठवणीची ऊब पांघरतां यावी हा तिचा हेतु होता, असें तिच्या मुलीनें पुढें सांगितलें. २००२ पासून या गांवच्या गोधड्या मोठमोठ्या संग्रहालयांतून मांडल्या गेल्या. आजीच्या लुगड्याची गोधडी ज्यांच्या घरांत आहे त्यांना यावर भाष्य नको. दुसरी गोधडी एका रोगाची आहे. एड्सनें मेलेल्यांचीं नांवें घरचे लोक लाजेनें सांगत नसत, त्या काळांत, १९८७ च्या ऑक्टोबरांत, वॉशिंग्टनच्या मैदानावर १,९२० तुकड्यांची एक गोधडी अंथरली गेली. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे थडग्याएवढा. आणि प्रत्येकावर नांव. आज त्या तुकड्यांची संख्या सुमारें ५०,००० आहे. राजकारण्यांना जें भाषणांनीं पटलें नव्हतें, तें अंथरलेल्या नांवांनीं डोळ्यांपुढें आणलें.

आतां परत आपल्या दाराशीं येऊं. गोवा आणि दक्षिण महाराष्ट्र यांच्या लगत, उत्तर कानडा जिल्ह्याच्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या जंगलपट्टींत सिद्दी लोक राहतात. यांचे पूर्वज आफ्रिकेचे. त्यांपैकीं पुष्कळांना पोर्तुगीजांनीं गुलाम म्हणून गोव्यास आणलें होतें, आणि तेथून निसटून ते या रानांत शिरले. अनेकांची बोली कोंकणी आहे. यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. आमच्या वाकळींत आधीं थर पसरून मग दोरे घालतात. सिद्दी बाई कडेपासून आरंभ करते, एकेक रंगीत तुकडा दुमडून लावीत व टांके घालीत सभोंवार फिरते, आणि असें करीत करीत मध्यापाशीं पोंचते. शेवटीं चारी कोपऱ्यांस कापड दुमडून केलेली त्रिकोणी 'फुलें' बसवितात. फुलांवांचून गोधडी उघडी-बोडकी समजतात. तांबडा, पिवळा, हिरवा, निळा हे रंग ज्या निर्भयपणें ती शेजारीं-शेजारीं बसविते तें पाहून चित्रकारानेंहि धडा घ्यावा. हेन्री ड्रूअल या अमेरिकन कलेतिहासकारानें या गोधड्यांचा अभ्यास करून त्या जगापुढें मांडल्या. ज्यांच्या आगमनाची नोंद कागदावर केवळ मालाच्या यादीप्रमाणें झाली, त्यांच्या मुलींच्या हातचें हें काम आहे. आणि तें समजावून घेण्यास सातासमुद्रापलीकडून माणूस यावा लागला, ही गोष्ट आम्हां शेजाऱ्यांना विचार करावयास लावणारी आहे.

आमच्याकडे या दिशेनें कांहींच झालें नाहीं असें नाहीं. पुण्यास दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनीं दिवे, अडकित्ते, भांडीं, दौती अशा घरगुती वस्तूंचें जें संग्रहालय एकट्याच्या हिमतीवर उभें केलें, त्यानें रोजच्या वापरांतील वस्तूहि जपण्यासारखी असते हें महाराष्ट्राला दाखवून दिलें. परंतु धातु आणि लांकूड यांना जें आयुष्य आहे तें कापडाला नाहीं. गोधडी पांघरून, धुऊन, पुन्हां पांघरून झिजावयाचीच. आणि आतां तर ती झिजण्याचीहि वाट पाहत नाहींत. बाजारांत हलकें पांघरूण स्वस्तांत मिळतें. कृत्रिम धाग्याच्या साड्यांची गोधडी मऊ होत नाहीं. आणि जुन्या घराची आवराआवर होते तेव्हां माळ्यावरचीं बोचकीं सर्वांत आधीं बाहेर जातात. शहरांतील हौशी दुकानांतून गोधड्या पुन्हां दिसूं लागल्या आहेत हें खरें, आणि त्यामुळें चार बायकांना काम मिळतें ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या दुकानांतहि गोधडीवर दुकानाचें नांव असतें, शिवणारीचें क्वचितच.

यावर मोठा उपाय संस्थांनीं करावयाचा आहे. विद्यापीठांनीं व संग्रहालयांनीं जिल्ह्याजिल्ह्यांतील जुन्या गोधड्या मिळवून, त्यांतील थरांची व रंगांची परीक्षा करून, त्या कोणी व कशाच्या शिवल्या याच्या जबान्या घेतल्या पाहिजेत. मात्र तेवढ्यासाठीं थांबण्याचें कारण नाहीं. लहान उपाय प्रत्येक घराच्या हातांत आहे. घरांत जी गोधडी असेल ती उलगडून वडीलधाऱ्या बाईपुढें ठेवावी आणि विचारावें: हा कांठ कोणाच्या लुगड्याचा, हा सदरा कोणाचा, टांके कोणी घातले, वर्ष कोणतें, घरांत तेव्हां काय चाललें होतें? तिला सर्व सांगतां येईल असें नाहीं; परंतु ती गेल्यावर सांगणारें कोणीच उरणार नाहीं. जें कळेल तें एका कागदावर लिहून गोधडीबरोबर ठेवावें. आणि ज्या भगिनी आज नवें काम हातीं घेत आहेत त्यांनीं शेवटचा दोरा तोडण्यापूर्वीं एका कोपऱ्यांत आपलें नांव, गांव आणि साल एवढें शिवावें. मानदासुंदरीनें तें केलें. 'राजा' जहाजावरील १८० जणींना, दुसऱ्यांचे आभार सुबक अक्षरांत शिवतां आले तरी, तेवढें स्वतःसाठीं करतां आलें नाहीं. आजच्या शिवणारीला तशी अडचण नाहीं. या कामाला लागणारें साहित्य म्हणजे हातभर दोरा, आणि तो सुईंत आधींच ओंवलेला आहे.